बापूंची १९९६ ची सीडी १०० नव्यासारखी करून घेतली, त्यानंतरचे दहा महिने

पेट्रोलची टाकी आतून गंजलेली असताना तिच्यावर बाहेरून रंग चढवू देऊ नये, हे मला तीन वेळा रस्त्यात गाडी ढकलल्यानंतर कळले. या लेखनाचा बराचसा भाग त्या टाकीनेच व्यापला आहे, कारण बाकीच्या कामाबद्दल माझी तक्रार फारशी नाही.

गाडी म्हणजे हिरो होंडाची सीडी १०० मोटरसायकल, माझ्या वडिलांची, म्हणजे बापूंची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असताना त्यांनी ती १९९६ मध्ये घेतली आणि निवृत्तीनंतरही काही वर्षे एरंडोलहून शेतापर्यंत चालवली. पुढे गुडघ्यांमुळे किक मारणे जमेना, तेव्हापासून सुमारे नऊ वर्षे ती खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कपाशीच्या गोण्यांशेजारी उभी होती. भंगारवाल्याने तिचे अडीच हजार सांगितले, तेव्हा बापू काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत. त्याच आठवड्यात मी गाडी जळगावच्या एका गॅरेजमध्ये दिली. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याबद्दल त्या गॅरेजचे नाव बरे ऐकले होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी घरी आली. एकूण खर्च ३१,४०० रुपये झाला आणि माझ्यासारख्या माणसाला हा आकडा लहान नाही. त्यात बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून थोडा मोठा करणे) करून त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन आणि रिंगा, नवी टायमिंग चेन, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, पुढच्या फोर्कचे ऑइल सील, दोन्ही चाकांच्या नव्या तारा (स्पोक), पूर्ण वायरिंग, सीट आणि रंग एवढे आले. इंजिनाचे सामान मिळवायला अडचण आली नाही, कारण स्प्लेंडरचे जुने इंजिन याच ९७.२ सीसीच्या कुळातले आहे आणि त्यामुळे बराच माल गावोगावच्या दुकानांत असतो. मडगार्डचे निकेल मात्र पावसाळ्यातच कडेने उचलले. नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, ते काम विलंबशुल्क भरून मी स्वतः केले.

पहिले दीड महिना मी अत्यंत समाधानी होतो. इंजिनाचा आवाज १९९६ मध्ये होता तसाच शांत होता, चारही गिअर पुढे दाबताना पायाला कुठे अडखळणे नव्हते, आणि टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत मोजलेले मायलेज ६२ आले. तेव्हाच लिहायला बसलो असतो, तर गॅरेजची केवळ स्तुती केली असती.

एप्रिलमध्ये धरणगावच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. चोक ओढला की चालायची, सोडला की विझायची. मेकॅनिकने कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडून त्यातला स्लो जेट, म्हणजे पेट्रोल जायचे बारीक छिद्र, फुंकला, दीडशे रुपये घेतले आणि पेट्रोलमध्ये कचरा असल्याचे सांगितले. मी पंप बदलला. मे महिन्यात पुन्हा तेच झाले. तेव्हा मला खात्री वाटली की दोष इथेनॉलचा आहे, आणि तसे मी चार जणांना सांगितलेही. ते अर्धेच खरे होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, जुने रबर खराब करते आणि वर्षानुवर्षे टाकीला चिकटून बसलेला चिकट थर सैल करते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. मात्र टाकी आतून स्वच्छ असती, तर सैल व्हायला तिथे काही नसतेच.

तिसरी वेळ भाद्रपदात आली. बापूंना मागे बसवून पद्मालयाच्या गणपतीला निघालो होतो. चढावर पेट्रोल कमी झाल्याचे जाणवले म्हणून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला आणि शंभर पावलांच्या आत गाडी बंद पडली. कॉकमधल्या दोन वाटांपैकी नेहमीची नळी टाकीत उंच उभी असते आणि रिझर्व्हची वाट तळाशी उघडते, त्यामुळे रिझर्व्हवर जाताच तळाचा सगळा गाळ कार्बोरेटरमध्ये उतरतो. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठते त्या फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल तळहातावर घेतले, तर त्यात विटकरी रंगाची पूड होती. बापू रस्त्याच्या कडेला दगडावर बसून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "गाडी चालू व्हयनी का रे?" शेवटी देवाला न जाताच आम्ही एका पिकअपमधून परत आलो.

घरी टाकीचे झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकला. पाठीमागचे दोन्ही खालचे कोपरे आणि मधला जोड गंजाच्या पापुद्र्यांनी भरलेले होते. रिकामी टाकी वर्षानुवर्षे उभी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतले पाणी पत्र्यावर जमते, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते नेमके याच कोपऱ्यांत साचते. ही गोष्ट गॅरेजला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती, आणि ती दिसली नसेल असे मला वाटत नाही. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "भाऊ, आपलं बोलणं रंगाचं झालं होतं, आतलं काम वेगळं असतं." बिल काढून पाहिले. त्यात "टाकी: डेंट, लांबी, रंग" एवढेच लिहिले होते (लांबी म्हणजे खड्डे भरायची पुटी) आणि समोर ३,८०० रुपये होते. आतून साफ करायचे वेगळे २,४०० सांगितले, आणि ॲसिडमुळे झाकणाजवळचा रंग उडाला तर जबाबदारी आमची नाही, असेही बजावले. म्हणजे जे काम रंगाच्या आधी निर्धास्त करता आले असते, तेच आता रंग धोक्यात घालून करायचे होते. याचा राग मला आजही आहे.

बाजारात मिळणारी नवी टाकीही पाहिली, पण तिचा पत्रा बोटाने दाबला तरी दबत होता, म्हणून ती घेतली नाही. शेवटी ऑक्टोबरमध्ये टाकी घरीच साफ केली. पेट्रोल काढून, वास पूर्ण जाईपर्यंत ती साबणाच्या पाण्याने पाच वेळा धुतली, कारण पेट्रोलची वाफ राहिली तर एक ठिणगीही पुरते. कॉक काढून ते भोक रबराने बंद केले, बाहेरच्या रंगावर प्लास्टिक गुंडाळले आणि दहा लिटर पाण्यात दहा चमचे धुण्याचा सोडा मिसळून टाकी भरली. झाकणातून साध्या लोखंडी सळईचा तुकडा आत सोडला. ती पत्र्याला कुठेही टेकू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे वेढे दिले. मग विजेने गंज सुटावा म्हणून १२ व्होल्टच्या चार्जरची धन तार सळईला आणि ऋण तार टाकीला जोडली. यात हायड्रोजन निघतो म्हणून सर्व काम उघड्या अंगणात केले, आणि सळईला हात लावण्याआधी दर वेळी चार्जर बंद केला. स्टेनलेस स्टीलची सळई मुद्दाम टाळली, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. ॲसिड चांगला पत्राही खाते, या पद्धतीत तो शाबूत राहतो. दोन दिवसांत सळईवर गंजाचा जाड लेप चढला आणि टाकीत काळी पूड सुटली.

धुतल्यावर ओला पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागतो, म्हणून टाकी लगेच उन्हात पालथी घातली, केस वाळवायच्या यंत्राने आत गरम हवा सोडली आणि कोरडी होताच थोडे इंजिन ऑइल मिसळलेले पेट्रोल आत फिरवून काढले. कॉकचे वॉशर आणि पेट्रोलचा पाइप नवे घातले, मध्ये पारदर्शक फिल्टर बसवला. सोडा, पाइप, वॉशर आणि फिल्टर मिळून ३४० रुपये लागले. चार्जर घरचाच होता.

इथे गॅरेजबद्दलचे माझे मत थोडे बदलले आहे, तेही लिहिणे योग्य ठरेल. गॅरेजमधून आल्यापासून गाडी आजवर ५,८०० किलोमीटर चालली आहे. तीन वेळा इंधन कमी मिळून बंद पडूनही इंजिनातून धूर नाही, थेंबभर ऑइल गळत नाही, आणि किक एकदाच मारावी लागते. बोअरिंग आणि फिटिंग ज्या हाताने केले, तो हात उत्तम आहे. इंजिनासाठी मी पुन्हा तिथेच जाईन. टाकी मात्र आधी घरी काढून ठेवीन आणि आतून साफ झाल्यावरच रंगाला देईन.

दिवाळीनंतर बापूंना घेऊन पद्मालयाला जाऊन आलो, आणि चढावर मुद्दाम कॉक रिझर्व्हवर फिरवला. गाडी थांबली नाही. आता टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही आणि दर महिन्याला वाटीचा स्क्रू सैल करून पेट्रोल पाहतो. आतल्या जोडावर बोटभर लांबीची एक तांबूस रेघ राहिली आहे. ऑक्टोबरपासून ती वाढलेली नाही. येत्या पावसाळ्यात वाढली तर इथेच भर घालीन.