कॉर्स की क्रॅनबेरीज?

दोन्ही बँड आयरिश, दोन्ही नव्वदीच्या दशकात जगभर गाजलेले. पण आयरिशपण ऐकू येतं वेगवेगळ्या जागी. डंडॉकच्या कॉर्स भावंडांकडे ते वाद्यांत आहे: शॅरनचं व्हायोलिन, अँड्रियाची टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), कॅरोलाइनचं डफासारखं बोरान. ठेका मात्र सरळ पॉपचा. १९९७ चा त्यांचा अल्बम 'टॉक ऑन कॉर्नर्स' ब्रिटनमध्ये खरा उसळला तो रीमिक्सनंतर. त्यात लोकसंगीताची धार जरा बोथट झालीच.

लिमरिकच्या क्रॅनबेरीजकडे गिटार, बेस, ड्रम्स, बस्स. आयरिश आहे तो डोलोरेस ओ'रिअर्डनचा गळा: वर जाताना मुद्दाम फुटणारा सूर, न लपवलेले गावाकडचे उच्चार. १९९४ च्या 'झॉम्बी' गाण्यात कॉर्ड्स चारच, ई मायनर, सी, जी, डी. कव्हर करणारे फसतात ते गाताना.