भांडी बाजारातली कल्हई : काम चोख, पावती नाही

घरात पितळी पातेलं माळ्यावर पडून असेल तर ते खाली काढा आणि नाशिकच्या भांडी बाजारात घेऊन जा. कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, फक्कड करून मिळते. गैरसोयीही आहेत, त्या सांगतेच.

सराफ बाजाराला लागून गोदावरीकडे उतरताना तांब्या-पितळेची दुकानं लागतात. बरेचजण नुसती भांडी विकतात, पण कल्हई कुठे होते विचारलं की कुणीही बोट दाखवतं. मी गेले त्या दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. गाडी गल्लीत घालू नका, लांब लावून चालत जा. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार असतो, त्या दिवशी तर नकोच. आणि पावसाळ्यात गोदेला पूर आला की या भागात पाणी शिरतं, तेव्हा नदीचा अंदाज घेऊनच निघा.

काम समोर बसून बघता येतं, हे मला सगळ्यात आवडलं. आधी आतला काळा थर घासून काढला. मग कल्हईवाल्या काकांनी पातेलं चिमट्यात धरून भट्टीवर फिरवत तापवलं. भाता गेला, आता विजेचा ब्लोअर आहे. पातेलं पुरेसं तापल्यावर नवसागर भुरभुरला, भसकन पांढरा धूर उठला. दम्याचा त्रास असेल तर लांबच उभं राहा. या नवसागरानं धातूवरचा मळ सुटतो आणि कथील नीट धरतं. कथलाची कांडी तळाला टेकवली तशी ती लोण्यासारखी ओघळली, आणि काकांनी कापसाच्या बोळ्यानं ती तळापासून काठापर्यंत सरसर फिरवली. कोपऱ्यातसुद्धा पिवळा ठिपका राहिला नाही. याआधी दारावर आलेल्या एकाकडून स्वस्तात करून घेतली होती, ती थोड्याच दिवसांत काठाशी उडाली.

"काका, कथलात शिसं नाही ना?" मी विचारलंच.

"ताई, कांडी समोर आहे, पण नुसती बघून तुम्हाला काय कळणार? भरवसा असेल तर ठेवा भांडं."

उत्तर रोखठोक होतं, मला पटलं. शिसं विषारी, आणि नजरेला ओळखू येत नाही. म्हणून फारच स्वस्त कल्हई कुणी देऊ केली तर चार प्रश्न विचारा.

मोठ्या पातेल्याचे ३५० रुपये घेतले. पावती मागितली तर हसले. भांडं बाहेरून काळंकुट्ट झालेलं तसंच हातात मिळतं, ते घासून हवं तर पैसे वेगळे. मी घरी आणून चिंच-मिठानं घासलं.

आता वापराबद्दल, कारण कल्हई टिकते की उडते ते बरंचसं आपल्या गॅसवर ठरतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरलात तर संपलं. आधी पाणी किंवा दूध ओता, मग गॅस पेटवा. तळण यात नाहीच. फोडणीही लोखंडी पळीत करून वरून ओतायची. आमटीचा चर्र आवाज तेवढाच येतो, काही बिघडत नाही. डाव लाकडी ठेवा. तारेची घासणी आतून लावायची नाही, खाली लागलं असेल तर कोमट पाण्यात भिजू द्या. इंडक्शनची शेगडी असेल तर हा सगळा खटाटोप सोडा, पितळ तिच्यावर तापत नाही.

इतकं सांभाळायचं कशाला? दूध तापवून बघा. माझ्या स्टीलच्या पातळ पातेल्यात ते मधोमध हमखास लागतं, यात मंद आचेवर आटवलं तरी तळ स्वच्छ, कारण पितळात उष्णता चटकन सगळीकडे पसरते. चिंचगुळाची आमटीही सुरेख उकळते, फक्त रात्रभर त्यातच ठेवू नका. आतून पिवळं दिसायला लागलं की ताक, कढी, आमटी सगळं बंद करायचं आणि पुन्हा कल्हईला न्यायचं, नाहीतर पदार्थ कळकतो.

जाताना मी परातही नेली होती. काकांनी उलटसुलट करून बघितली. "हिच्यात कणीकच मळता ना? मग कशाला पैसे घालवता," म्हणाले आणि परत दिली.