मोरोविंड, सहा महिने खेळून झाल्यावर: सगळा खेळ त्या हिरव्या पट्टीचा

परवा रात्री मोरोविंड या व्हिडिओ गेममध्ये एका क्लिफ रेसर नावाच्या उडत्या प्राण्याने मारलं म्हणून लिहायला बसलो. लेव्हल 14, तलवार चांगली, पक्षी तोंडासमोर फडफडतोय, तलवार त्याच्या अंगातून आरपार जाताना दिसतेय आणि वार मात्र लागत नाही, नुसता हवेत फिरवल्याचा आवाज.

कारण एकच, मी लांबून धावत आलो होतो. धावलं की फटीग, म्हणजे पात्राचा दम, ती हिरवी पट्टी, उतरतो, उडी मारली की उतरतो, ओझं जास्त असेल तर अजून भरभर. पट्टी फुल असली की वार लागायचा चान्स 1.25 पट, रिकामी झाली की 0.75 पट, म्हणजे माणूस तोच, तलवार तीच, आणि एवढा फरक! मंत्र, कुलूप उघडणं, दुकानदाराशी घासाघीस, सगळीकडे हाच हिशोब.

सुरुवातीला इतका वैतागलो की धावताना दम जाऊच नये असा मॉड (गेम बदलणारी जोड-फाइल) टाकला आणि दोन महिने तसंच खेळलो. पुढे याच मालिकेतल्या 2011 च्या स्कायरिममध्ये तर धावण्यात दम फक्त स्प्रिंट (सुसाट धाव) मारताना जातो, नुसतं धावलं तर नाही, आणि एल्डन रिंग या गेममध्ये आसपास शत्रू नसेल तर स्प्रिंटसुद्धा फुकट. मला हेच बरोबर वाटायचं.

नवीन सेव्ह चालू करताना मॉड टाकायचा राहिला आणि मत बदललं. आता पैसे वाचवायला पायी जायचो तिथे सिल्ट स्ट्रायडर (भाड्याने नेणारा अवाढव्य किडा) पकडतो, लुटलेली चिलखतं गुहेतच टाकून येतो, पाव आणि सॉल्टराइस कुटून दम भरायची औषधं बनवून ठेवतो. रस्ता लांब आहे हे पहिल्यांदा जाणवलं.

पण एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे हा माणूस दमलाय हे दिसतच नाही. ड्रॅगन्स डॉग्मा 2 या गेममध्ये दम संपला की पात्र जागीच थांबून धापा टाकतं, बघणाऱ्याला लगेच कळतं. इथे धाप नाही, हात जड झालेला नाही, कोपऱ्यात एक बारीक पट्टी तेवढी. 2002 चा गेम आहे मान्य, पण धापेचा एक आवाज टाकला असता तरी मी तो मॉड शोधत बसलो नसतो, आणि नवीन खेळणारे पहिल्याच खेकड्यावर दहा वार फुकट घालवून गेम सोडून गेले नसते.

सध्या गुहेच्या तोंडाशी थांबून एक तास विश्रांती घेतो, मगच आत शिरतो. क्लिफ रेसर मागे लागलेला असला की तीही घेता येत नाही.