डब्लिनहून बॉइन खोऱ्याची एक दिवसाची सहल: न्यूग्रेंजसाठी जा, बाकी यादी कापा

डब्लिनच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थी मंडळांची ही ठरलेली सहल. सकाळी बस निघते, संध्याकाळी परत येते आणि पत्रकावर न्यूग्रेंज (अश्मयुगातलं टेकाडाखालचं थडगं), टारा (जुन्या राजांची टेकडी), मोनास्टरबॉइस आणि मेलिफाँट (जुने मठ), ट्रिम (किल्ला) अशी पाच नावं असतात. पाचही ठिकाणं बघण्यासारखी आहेत, पण एका दिवसात पाच बघायला गेलात तर त्यातली तीन बसच्या काचेतूनच दिसतात. न्यूग्रेंज आणि आणखी एक, एवढंच ठेवलेली सहल पाचपैकी साडेचार गुणांची. पाच थांब्यांच्या सहलीला दोनसुद्धा जड जातात.

दिवसाचं सगळं गणित न्यूग्रेंजच्या तिकिटावर ठरतं, म्हणून आधी तिकीट आणि मग बस. उलटं केलं की फसगत होते. तिकिटं आधीच ऑनलाइन काढायची; सुट्टीच्या दिवसांत दारात जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका. तिकिटांचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि खरी गोम तिथेच आहे. नुसत्या प्रदर्शनाचं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून कोणीतरी तेच काढतं आणि पन्नास जण न्यूग्रेंजला जाऊन न्यूग्रेंज न बघता परततात. तिकिटावर ‘चेंबर’ (थडग्याचं आतलं दालन) हा शब्द आहे ना, एवढं पैसे भरण्याआधी तपासा. आत एका वेळी जेमतेम दोन डझन माणसं मावतात. त्यामुळे भरलेल्या बसला लागोपाठच्या दोन वेळा लागतात आणि पहिल्या तुकडीला दुसरीची वाट बघावी लागते. तो वेळ प्रदर्शनात घालवता येतो; प्रदर्शन चांगलं आहे.

दुसरी चूक नकाशाची. फोनवर ‘न्यूग्रेंज’ टाकलं की तो नदीच्या उत्तरेला थेट टेकाडापाशी नेऊन सोडतो. तिथे तिकीट मिळत नाही आणि आतही घेत नाहीत. जायचं असतं ते दक्षिण तीरावर डोनोर गावाजवळच्या ‘ब्रू ना बोन्या’ केंद्रावर. चुकून उत्तरेला गेलात तर स्लेन किंवा ड्रॉहेडाच्या पुलाला वळसा घालून यावं लागतं आणि ठरलेली वेळ हातची जाते. ड्रायव्हरला निघतानाच केंद्राचं नाव लिहून द्या. केंद्रात पोचल्यावरही लगेच काही दिसत नाही. बॉइनवरचा पादचारी पूल ओलांडून पलीकडच्या शटल बसच्या थांब्यापर्यंत चालायचं असतं. त्याला दहा मिनिटं धरा, थंडीत गटाला गोळा करायला आणखी दहा.

आता न्यूग्रेंजबद्दल. इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमाराचं हे बांधकाम, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहून जुनं. टेकाडाचा व्यास सुमारे 85 मीटर, भोवती 97 शिळांचं कडं. दारासमोरची सर्पिलांनी भरलेली शिळा फोटोंत सगळ्यांनी पाहिलेली असते, पण मागच्या अंगाची 52 क्रमांकाची शिळा तोडीस तोड आहे आणि बहुतेक गट तिकडे फिरकतच नाहीत. आतला बोळ 19 मीटर लांब आहे. मध्ये दोन ठिकाणी अंग तिरकं करून सरकावं लागतं, एका ठिकाणी मान वाकवून. पाठीवरची सॅक आत चालत नाही. बंद जागेची भीती असलेल्यांनी मार्गदर्शकाला आधीच सांगावं आणि सगळ्यात शेवटी आत शिरावं, म्हणजे बाहेर पडताना आपणच पहिले असतो. आत फोटो काढायला मनाई आहे. त्यावर कुरकुर होते, पण त्यामुळेच आत शांतता टिकते.

दालनाचं छत सुमारे सहा मीटर उंच आहे. चुना नाही, काही नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवून वर एका शिळेने मिटवलेलं. पाच हजार वर्षं झाली, पाणी गळत नाही. मार्गदर्शक दिवे मालवून विजेच्या झोताने 21 डिसेंबरची, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाची सकाळ दाखवतात; तेव्हा उगवत्या सूर्याचा किरण आत येतो. हे दाखवत असताना बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट बघा. बोळाची जमीन दारापासून दालनापर्यंत जवळजवळ दोन मीटर चढत जाते. त्यामुळे दारातून आलेला उजेड अर्ध्यातच अडतो आणि दालनापर्यंत पोचतो तो दारावरच्या वेगळ्या झरोक्यातून आलेला किरण. खरा सूर्यकिरण आत सुमारे 17 मिनिटं राहतो. उत्खनन करणारे मायकेल ओ’केली यांनी तो 1967 साली डिसेंबरात आत उभं राहून पाहिला. त्या सकाळी आत जायला सोडत असते आणि अर्ज हजारोंनी येतात. सहल त्या आशेवर आखू नका.

बाहेरची पांढऱ्या गारगोटीची उभी भिंत मात्र जुनी नाही. दगड मूळचे आहेत, विकलोच्या डोंगरांतून आणलेले; पण ते असे उभे होते हा ओ’केलींचा अंदाज, आणि मागे काँक्रीटचा आधार आहे. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकाला यावर जरूर छेडावं, उत्तरं मजेदार मिळतात. शेजारच्या नाउथ या तशाच थडग्याभोवतीच्या कोरीव शिळा न्यूग्रेंजहून श्रीमंत आहेत, पण तिथल्या बोळांत जाऊ देत नाहीत.

या सगळ्याला साडेतीन तास लागतात. साडेआठला डब्लिन सोडलं तर एक-दीडला मोकळे. पुढे दोन रस्ते फुटतात आणि दोन्ही विरुद्ध दिशांना, म्हणून एकच निवडायचा.

आभाळ मोकळं असेल तर टारा. अर्ध्या तासावर, प्रवेश फुकट, गवत आणि मेंढ्या. जमिनीवरून बघितलं तर नुसते उंचवटे दिसतात आणि ‘एवढंच?’ असा प्रश्न येतो, कारण टाराचा आराखडा आकाशातूनच कळतो. बसमध्येच हवाई छायाचित्र फिरवा, मग प्रत्येक खंदक जागेवर बसतो. लिया फॉल ही राज्याभिषेकाची शिळा तिच्या मूळ जागी नाही. 1798 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या बंडात पडलेल्यांची कबर दाखवायला ती हलवली. उतारावर बूट घसरतात, कॅनव्हासचे नकोत. आणि ‘टारा ब्रोच’ हा प्रसिद्ध जुना दागिना टाराला सापडलेला नाही, तो 1850 साली बेटिसटाउनच्या किनाऱ्यावर मिळाला. मार्गदर्शक नसला की हे हमखास चुकीचं सांगितलं जातं.

वारा-पाऊस असेल किंवा डिसेंबर असेल, तर मोनास्टरबॉइस. चाळीस मिनिटांत होतं, तेही फुकट. म्युरेडाख या मठाधिपतीच्या नावाचा साडेपाच मीटरचा दगडी क्रूस बायबलच्या कथांनी भरलेला आहे. दुपारी पश्चिमेची बाजू उजेडात येते, तीच आधी बघा: वर क्रूसावरचा येशू, तळाशी म्युरेडाखसाठी प्रार्थना करा असं सांगणारा लेख आणि त्यापाशी दोन मांजरं. डिसेंबरात चारनंतर दिसणं संपतं, तेव्हा तीनच्या आत पोचा.

ट्रिमचा किल्ला स्वतंत्र दिवसाला ठेवा. त्याच्या बुरुजात मार्गदर्शकासोबतच सोडतात, म्हणजे पुन्हा वेळेची गाठ.

खाण्याचं: केंद्रात कॅफे आहे, पण पन्नास जण एकदम उतरले की रांगेतच अर्धा तास जातो. डबा न्या. शाकाहारींनी ‘व्हेजिटेबल सूप’ घेताना चिकनचा स्टॉक आहे का ते विचारावं, नाव फसवं असतं. दशम्या आणि चटणी बसमध्ये उत्तम टिकतात.

मध्ये पुरेशी विश्रांती न होता एकूण साडेचार तास बस चालवून झाली की ड्रायव्हरला 45 मिनिटांची विश्रांती हा युरोपातला कायदा आहे. दोन थांब्यांच्या सहलीत त्याची वेळच येत नाही. पाच थांब्यांच्या सहलीत ती वेळापत्रकात दाखवलेली नसेल तर आयोजकांना पैसे भरण्याआधी विचारा. सरकारी वारसास्थळांत वर्षभर मोफत प्रवेश देणारं विद्यार्थ्यांचं हेरिटेज कार्ड अनेक वर्षं 10 युरोला मिळत आलं आहे. वर्षभरात ट्रिम, मेलिफाँट वगैरे करायचं असेल तर सहलीआधीच काढा, पण ते हातात असलं तरी न्यूग्रेंजची वेळ वेगळी राखावीच लागते.