रक्तातील शिशाची तपासणी: पुण्यातील एका प्रयोगशाळेचा अनुभव
लोहाचे थेंब नियमित देऊनही आमच्या दीड वर्षांच्या नातीचे हिमोग्लोबिन वाढेना, तेव्हा बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही या प्रयोगशाळेत गेलो. शिसे हिमोग्लोबिन तयार होण्यातच अडथळा आणते आणि शरीरात लोह कमी असले की आतड्यातून शिसे अधिक शोषले जाते, हे तिथल्या डॉक्टरांनी न कंटाळता समजावले. बोटाच्या त्वचेवरील धुळीने नमुना दूषित होऊ नये म्हणून ताईंनी रक्त शिरेतूनच, तेही पहिल्याच प्रयत्नात घेतले. अहवालात मात्र नुसता आकडा होता. प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅम ही अमेरिकेतील संदर्भपातळी (जिथून पुढे मुलांच्या रक्तातील शिसे जास्त मानले जाते) तरी शेजारी छापायला हवी होती. शिसे जिथून शरीरात येऊ शकते असा घरातील जुना रंग, सुरमा आणि भेसळीच्या कथलाने कल्हई केलेली भांडी यांची चौकशी त्यांनी आपणहून केली, हे मला विशेष मोलाचे वाटते.