गुहागरचा ग्रुप की बामणोलीचा आडरस्ता? पहिल्या मोठ्या राईडआधी

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने जुलैत बुलेट घेतली. दिवाळीनंतरच्या शनिवारी साताऱ्याहून १८ गाड्यांचा एक ग्रुप गुहागरला निघतोय, दोन रात्री मुक्काम. त्याच शनिवारी मी आणि माझा नवरा दोन गाड्यांवर कासच्या पुढे, कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीला जाणार आहोत. "ताई, कुणाबरोबर जाऊ?" डबा खाता खाता तिने विचारलं. पोवई नाक्यावर चहाला थांबलेल्या नव्या पोरापोरींकडूनही हाच प्रश्न ऐकते, म्हणून तिला सांगितलं ते जरा सविस्तर लिहिते.

अंतर पाहून ठरवू नका. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागर एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या वर जातं. बामणोली पस्तीस-चाळीस. पण दीडशे किलोमीटर सरळ रस्त्यावर आपल्या वेगाने चालवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते दुसऱ्याच्या वेगाने घाट चढणं-उतरणं, आणि मोठ्या ग्रुपात नेमकं तेच करावं लागतं.

हिशोब करून बघा. ताशी ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हटलं तर ३३ मीटर सोडावे लागतात. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी तिरकी रांग चालते, पण घाटात एकामागे एकच. १८ गाड्यांची ती रांग अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते. लीडने, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून रस्ता दाखवणाऱ्याने, ट्रकला ओव्हरटेक केलं आणि पुढे निघून गेला, तेव्हा शेवटच्या चार गाड्या अजून मागच्या वळणावर त्याच ट्रकचा धूर खात असतात. मोकळं मिळालं की त्या सुटतात. लीड निवांत ७० ने चाललेला असतो आणि मागचा नवखा त्याला गाठायला ९० वर जातो. कुंभार्लीत मालवाहू ट्रकांची कमी नाही, त्यामुळे हा प्रकार एकदा नाही, दहा वेळा होतो.

माझ्यावर काय बेतलं होतं ते सांगते. गाडी चालवायला लागल्यावर चौथ्या वर्षी अशाच मोठ्या ग्रुपात होते, शेवटून दुसरी. सगळ्यांत मागे राहायचा तो स्वीप फोटो काढायला पुढे गेलेला. कोयनानगरच्या पुढे मागच्या चाकात खिळा गेला. स्पोकचं चाक, आत ट्यूब, म्हणजे ट्यूबलेससारखी भोकात रबरी दोरी घालून भागत नाही, चाकच काढावं लागतं. मोबाईलला रेंज नव्हती. स्प्लेंडरला दुधाच्या किटल्या लावलेले एक काका थांबले, त्यांनी खालून पंक्चरवाला पाठवला. ग्रुपला मी नाही हे कळलं ते चिपळूणच्या चहाला. माणसं वाईट नव्हती. गाड्या मोजायचं काम कुणाला दिलेलंच नव्हतं.

तेव्हा ग्रुपात नाव देण्याआधी विचारा: स्वीप कोण, तो शेवटपर्यंत मागेच राहणार का, त्याच्याकडे पंप आणि ट्यूब आहे का, गाड्या कुठे कुठे मोजणार. सगळ्यांत लहान टाकी कुणाची हेही विचारा. बुलेटची टाकी १३ लिटरची, स्प्लेंडरची १० च्या आत. थांबे लहान टाकीवर ठरले पाहिजेत. या प्रश्नांना चटकन उत्तरं देणारा ग्रुप चांगला समजा.

ग्रुपने मला दिलंही पुष्कळ आहे. वळणात समोरच्या कठड्याकडे न बघता रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे बघायचं, हे मला एका जुन्या रायडरने कुंभार्लीतच शिकवलं. मुक्कामाच्या राईडला घरून परवानगी मिळाली ती ग्रुपात आणखी तीन बायका होत्या म्हणून. आणि रात्री समुद्रावर बसल्यावर एकाच पडझडीचे दहा जण दहा किस्से सांगतात, पडलेला माणूसही हसून हसून डोळे पुसतो. दोघा-तिघांच्या राईडला ती रात्र मिळत नाही, हे कबूल.

आता बामणोली. समर्थ मंदिरापासून निघालं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो, गाडी आणि हात गरम व्हायच्या आत. वर पठार, कास तलाव, आणि पुढे कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे उतार. सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी फुलांच्या गर्दीत इथे शिकायला जाऊ नका, तेव्हा सज्जनगडावरून ठोसेघर, चाळकेवाडी बरी. दिवाळीनंतर मात्र कासचा रस्ता मोकळा होतो. सावलीतल्या वळणांना कडेला शेवाळ असतं, जांभ्याची लाल माती डांबरावर वाहून आलेली असते, आणि वळलं की म्हशी. इथे दुसऱ्या गिअरला गाडी उतरवायची, इंजिनलाच वेग धरू द्यायचा, ब्रेक नुसता टेकवायचा. न्यूट्रल तर अजिबात नाही. एखादं वळण चुकलं तर थांबून, मागे जाऊन तेच पुन्हा घेता येतं. १८ जणांच्या रांगेत ही सोय नाही.

मात्र आडरस्त्यावर एकट्याने जाऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. पेट्रोल साताऱ्यातच भरा. घरी परतायची वेळ सांगून निघा, फोनच्या भरवशावर राहू नका. क्लचची नवी केबल डिकीत टाकण्यापेक्षा जुन्या केबलच्या बाजूनेच ओवून बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, पाच मिनिटांचं काम. आणि अंधारात परतू नका. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, कित्येकींना मागे लाल दिवाही नसतो. कोरेगाव, कराडच्या बाजूला तर हे आवर्जून पाळा.

खर्चाचं म्हणाल तर बामणोली एका टाकीच्या आत होते. गुहागरला मुक्काम आणि जेवण आलं, तरी वाटून घेतल्यावर जड जात नाही.

तिला मी बामणोलीच सांगितली. डिसेंबरात पाच-सहा गाड्यांबरोबर एक मुक्काम, आणि घाट दोन-तीनदा झाल्यावर मोठा ग्रुप. गुहागरवाल्यांनी १८ गाड्यांच्या सहा-सहाच्या तीन तुकड्या केल्या आणि प्रत्येकीला आपला लीड नि आपला स्वीप दिला, तर मात्र माझं मत बदलेल. मग तिने खुशाल जावं, फक्त लीडच्या लगेच मागे दुसऱ्या नंबरला राहावं.

काल तिने त्यांना स्वीप कोण ते विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही. आम्ही शनिवारी सकाळी साडेसहाला समर्थ मंदिरापाशी थांबतोय. तिला टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवायला सांगितलीय.