जारवाल्याचं पाणी: पाचपैकी दोन तारे

नातवाच्या बारशाला आमच्या गल्लीतल्या जारवाल्याकडून वीस लिटरचे सहा थंड जार मागवले. पोरगा वेळेवर आला, जिनाही चढला, त्याचे दोन तारे. पण जारला सील नाही, लेबल नाही, तोटीच्या खाचेत हिरवट बुळबुळीत थर! सूनबाई म्हणाली, "आई, बाळंतिणीला हे नको." मी फोन केला तर म्हणे, "काकू, फिल्टरचंच आहे." असेल बाबा, पण थंड केलं म्हणजे शुद्ध झालं असं थोडंच असतं?

शेवटी वाण्याकडून सीलबंद जार आणला. चष्मा लावून लेबल वाचलं: आयएसआय चिन्ह, त्यावर आयएस १४५४३ (पॅकबंद पिण्याच्या पाण्याचं मानक), खाली सीएम/एल नंबर, म्हणजे ते चिन्ह वापरायच्या परवान्याचा नंबर, शिवाय एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख. तो सीएम/एल नंबर मुलाने आयएसआय चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला, तर कारखान्याचं नाव-पत्ता लेबलाशी जुळला. पैसे दुपटीहून जास्त गेले.

थंड जार परत पाठवले नाहीत. हात धुवायला आणि भांड्यांना कामी आले.